तांबडे औषध

इसवी सन १८९२ मध्ये अर्नेस्ट हॅनबरी हँकिन नावाचा सत्तावीस वर्षांचा एक इंग्रज आग्र्यास येऊन वायव्य प्रांत व अवध यांच्या सरकारात रासायनिक परीक्षक म्हणून रुजू झाला. या हुद्द्याचे काम फारसे स्पृहणीय नव्हते. विषप्रयोगाच्या खटल्यांत पोलिसांनी मोहोरबंद करून धाडलेल्या बरण्या उघडाव्या, आतील आतड्यांत सोमल निघतो की धोत्रा हे पाहावे, आणि कोर्टासाठी दाखला लिहून द्यावा, यातच अशा अंमलदाराची उमेद सरत असे. परंतु हा गृहस्थ केंब्रिजमध्ये शिकलेला, बर्लिनमध्ये कॉखच्या आणि पॅरिसमध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केलेला होता. आणि स्वभावाने तर असा चौकस की, घारी-गिधाडे पंख न हलविता आकाशात कशी तरंगतात याचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९१३ मध्ये त्याने त्या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि मुसलमानी इमारतींवरील भौमितिक नक्षी जुन्या कारागिरांनी कोणत्या युक्तीने आखली असेल, याचाही माग काढला. पटकीचा जंतू आणि हिंदुस्थानातील विहीर ही दोन्ही अशा माणसाच्या नजरेखाली एकाच वेळी आली, म्हणून पुढील हकीकत घडली. एरवी ती घडावयास आणखी वीस वर्षे लागली असती.

पटकी, वाखा, महामारी अशा नावांनी आपल्याकडे ओळखला जाणारा हा रोग बंगालच्या खालच्या प्रदेशात पूर्वापार होताच; परंतु १८१७ साली जेसोर येथे त्याने जी उचल खाल्ली, त्यानंतर तो पुन्हा म्हणून स्वस्थ बसला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पेंढाऱ्यांच्या पारिपत्याच्या मोहिमेवर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या बुंदेलखंडातील छावणीत शिरून त्याने शत्रूच्या गोळ्यांपेक्षा अधिक माणसे मारली, आणि पुढल्या वर्षी तो दक्षिणेत उतरला. म्हणजे पेशवाईचा अंत आणि पटकीचे आगमन ही दोन्ही महाराष्ट्राने एकाच वर्षात पाहिली. गावोगावच्या रयतेने या आपत्तीवर जो तोडगा योजला तो सर्वांस ठाऊक आहे. मरीआईचा गाडा सजवावा, पोतराजाच्या आसुडाच्या फटकाऱ्यांत तो वाजतगाजत शिवेपार न्यावा, आणि तेथे सोडून मागे न पाहता परतावे. शेजारच्या गावाने तितक्याच तत्परतेने तो आपल्या शिवेबाहेर ढकलावा, आणि अशा रीतीने देवीने दहा गावांचा प्रवास करावा.

या प्रकाराला सुशिक्षित मंडळी हसत आली आहेत. परंतु त्या काळी सरकारचे मत काय होते, हे पाहिले म्हणजे हसण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते. जेम्स मॅक्नॅब कनिंगहॅम हा हिंदुस्थान सरकारचा सॅनिटरी कमिशनर १८८४ पर्यंत असे निक्षून सांगत होता की, पटकी माणसांबरोबर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात नाही. ती त्या त्या स्थळाच्या हवेतून आणि जमिनीतून उद्भवते. हे मत सोयीचे होते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यापासून मुंबई-कलकत्त्याहून निघणाऱ्या जहाजांना युरोपच्या बंदरांत दिवसचे दिवस अडकवून ठेवण्याची भाषा चालू होती, आणि रोग माणसाबरोबर जातो असे एकदा कबूल केले की व्यापाराचे नुकसानही कबूल करावे लागत होते. मरीआईचा गाडा ओढणाऱ्या अडाणी माणसाला निदान एवढे तरी कळले होते की, रोग वाटेने येतो आणि वाटेने जातो. सरकारच्या सर्वश्रेष्ठ आरोग्याधिकाऱ्याला तेवढेही मान्य नव्हते.

लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ च्या सप्टेंबरात ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढविला, ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकांत गेली आहे आणि येथे ती विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १८८४ च्या आरंभी कलकत्त्यास घडली. रॉबर्ट कॉख ईजिप्तमधून तपास करीत तेथे आला होता. पटकीने दगावलेल्यांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला, आणि ज्या तळ्याच्या काठच्या वस्तीत माणसे मरत होती त्याच तळ्याच्या पाण्यात तोच जंतू पुन्हा आढळला. लोक त्या तळ्यात आंघोळ करीत, रोग्यांचे कपडे धूत आणि तेच पाणी पीत. याहून उघड पुरावा कोणता हवा? तरीही आरोग्य खात्याच्या कचेऱ्यांत शंकेचे शेरे लिहिण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले.

हँकिन आला तो या वादाच्या ऐन मध्यावर. आग्रा शहर यमुनेच्या काठी, आणि यमुनेत वरच्या गावांचा मळ, अर्धवट जळलेली प्रेते, मेलेली जनावरे असे काय काय वाहत येई, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. मग हे पाणी पिणाऱ्या खालच्या गावांत पटकीचा कहर का होत नाही, या प्रश्नाने त्याला बेचैन केले. त्याने गंगा-यमुनेचे न उकळलेले पाणी घेऊन त्यात पटकीचे जंतू सोडले, तो तीन तासांच्या आत ते नष्ट झाले. तेच पाणी उकळून घेतले, तर जंतू सुखाने जगले. आणि विहिरीचे पाणी घेतले, मग ते गाळलेले असो वा उकळलेले असो, तर त्यात जंतूंची भरभराटच झाली. १८९६ मध्ये पाश्चर संस्थेच्या फ्रेंच नियतकालिकात त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हिंदुस्थानात व्याख्याने देत फिरणाऱ्या मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकारानेही ही कथा आपल्या प्रवासवर्णनात घातली. गंगेच्या पावित्र्याची थट्टा करावयास निघालेल्या त्या गृहस्थाला ती मध्येच आवरती घ्यावी लागली, हे वाचताना मौज वाटते. आपल्याकडच्या सनातनी मंडळींना तर गंगाजलाच्या माहात्म्यास साहेबाच्या सूक्ष्मदर्शकाची साक्ष मिळाली, याचाच आनंद झाला. मात्र त्याच निबंधाचा उत्तरार्ध, जो घरच्या विहिरीविषयी होता, तो उद्धृत करण्याची तसदी त्यांच्यापैकी बहुतेकांनी घेतली नाही.

वास्तविक महत्त्व उत्तरार्धाचेच होते. या देशातील फार मोठी प्रजा नदीचे नव्हे, विहिरीचे पाणी पिते. देशावरच्या खेड्यातील पाणवठ्याची थोरली विहीर, कोकणातील परसातला चिऱ्यांनी बांधलेला आड, पुण्याच्या वाड्याच्या चौकातला अरुंद तोंडाचा आड, पायऱ्या उतरून जावे अशी बारव, यांपैकी प्रत्येकीत पाणी स्थिर असते, वर सावली असते, आणि दिवसभर कोणा ना कोणाचा पोहरा आत-बाहेर होत असतो. आजाऱ्याच्या घरचा लोटा दोराला बांधून आत सोडला की काम झाले. एका लोट्याने एक गल्ली निजू शकते. काठावरचे धुणे, कठडा नसल्याने आत परतणारे सांडपाणी आणि पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून येणारी घाण ही त्यात आणखी भर. पूर्वीचे लोक पाण्याच्या शुद्धीविषयी बेफिकीर होते असे मुळीच नाही. सुश्रुताने गढूळ पाणी निवळविण्याची सात द्रव्ये सांगितली आहेत आणि त्यांत निवळीच्या बीला पहिला मान आहे. उकळणे, उन्हात तापविणे, तापलेले लोखंड बुडविणे हे उपायही तेथे आहेत. घरोघरी माठाच्या आतल्या अंगाला निवळीचे बी घासले जाई, तुरटी फिरविली जाई, दर उन्हाळ्यात आड उपसून गाळ काढला जाई, आणि पाणी स्वच्छ राहावे म्हणून कोठे कोठे आडात कासवही सोडले जाई. परंतु या सर्वांची कसोटी डोळा ही होती. निवळ दिसले ते शुद्ध. पटकीचा जंतू निवळ पाण्यातही तितक्याच स्वस्थपणे राहतो, हे डोळ्याला कळण्यासारखे नव्हते.

पाणी उकळून प्यावे, हा उपदेश हँकिनच्याही पूर्वीपासून चालू होता आणि तो निर्दोष होता. दोष एवढाच की, तो पाळावयाचा म्हणजे प्रत्येक घरी, दररोज, प्रत्येक घोटासाठी सरपण जाळावयाचे. ज्या घरी भाकरी भाजण्यापुरत्या गोवऱ्या मिळविताना बाईची कंबर मोडते, त्या घरी हा उपदेश छापील पत्रकापलीकडे कसा पोहोचणार? शेकडो चुलींवर पाणी शुद्ध करण्यापेक्षा ते जेथून येते त्या एका ठिकाणी एकदाच शुद्ध करावे, हा विचार हँकिनच्या मनात आला; आणि त्यासाठी त्याने जे द्रव्य निवडले ते औषधाच्या दुकानात पडून असलेले, स्वस्त आणि निरुपद्रवी असे होते. इंग्लंडात कॉंडी नावाच्या एका कारखानदाराने शतकाच्या मध्यापासून जखमा आणि मोऱ्या धुण्यासाठी त्याचा द्रव बाटल्यांतून विकावयास काढलेला होता. तेच हे पोटॅशियम परमँगनेट.

हे काळसर जांभळे, चकचकीत खडे पाण्यात पडले की आपल्यातील प्राणवायू देऊ लागतात, आणि जे जे सेंद्रिय समोर येईल ते ते जाळीत सुटतात. जंतू हा त्यांतलाच एक. पण कुजलेले पान, शेवाळ, कबुतराची विष्ठा यांतही ते तितक्याच उत्साहाने आपली शक्ती खर्च करतात, आणि ती संपली की पाण्याचा गुलाबी रंग जाऊन खाली तपकिरी साका उरतो. हँकिनचे चातुर्य याच ठिकाणी दिसते. औषध किती घालावे, हे ठरविण्यासाठी त्याने खेड्यातल्या माणसाच्या हाती ना तराजू दिला ना नळी. पाण्याचा रंग टिकतो की नाही, एवढेच पाहावयास सांगितले. रंग काही वेळाने नाहीसा झाला तर समजावे की विहिरीत घाण जास्त होती आणि औषध तिनेच खाल्ले, पुन्हा घालावे. सकाळपर्यंत फिकट गुलाबी छटा उरली तर घाण जळून औषध शिल्लक आहे, म्हणजे जंतूंनाही ते पुरून उरले आहे. डोळ्याची जुनी कसोटी त्याने टाकून दिली नाही. तिला फक्त नवा विषय दिला.

कृती अशी. दिवसभराचा उपसा संपून पाणवठा रिकामा झाला की, दिवेलागणीच्या सुमारास विहिरीवर जावे. साधारण विहिरीस १ ते २ औंस, म्हणजे आपल्या मापाने सुमारे अडीच ते पाच तोळे खडे लागतात. ते रिकाम्या बादलीत टाकून बादली दोराने पाण्यात सोडावी, भरली की वर ओढावी, काठीने ढवळावी आणि रंगीत पाणी तेवढे विहिरीत ओतावे. तळाशी न विरघळलेले खडे उरतात ते बादलीतच राहू द्यावे आणि ती पुन्हा आत सोडावी. असे करता करता शेवटचा खडा विरघळतो. मग बादली पाण्याच्या पृष्ठाखाली बुडवून वर-खाली अशी आपटावी की, तळचे पाणी वर आणि वरचे खाली होईल; कारण जांभळा द्रव एका बाजूस साचून राहिला तर दुसऱ्या बाजूचा जंतू त्याची वाट पाहत बसणार नाही. रात्रभर पाणी कोणी शिवू नये. सकाळी पहिला पोहरा वर येतो तेव्हा पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखे दिसले तर ते पिण्यास अद्याप योग्य नाही. थोडा उपसा करून रंग फिका होऊ द्यावा. किंचित गुलाबी असेल तर चवीला तुरट लागते, पण पिण्यास हरकत नाही.

या उपायाचा गुण किती आला? हँकिनने एका खेड्यातील साथीचा वृत्तांत १८९८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिला आणि उपायाची शिफारस केली. पुढे परमँगनेटचे डबे तालुक्याच्या ठिकाणी साथीच्या दिवसांत ठेवण्याचा प्रघात हिंदुस्थानभर पडला. तथापि न्यायाने बोलावयाचे तर हे मान्य केले पाहिजे की, पटकीची साथ एका खेड्यात फार दिवस राहत नसते. पाटलाने वर्दी द्यावी, मामलेदाराच्या कचेरीत तिची बारनिशी व्हावी, तेथून हुकूम सुटून औषध घेतलेला माणूस गावी पोहोचावा, इतक्यात साथ आपल्याच पायांनी निघून गेलेली असण्याचा संभव पुष्कळ. अशा वेळी विहीर तांबडी केली आणि मृत्यू थांबले, याचे श्रेय नेमके कोणाचे, हे सांगणे कठीण. शंकेखोर डॉक्टरांनी हा आक्षेप तेव्हाच घेतला होता, आणि तो रास्त होता.

लोकांची शंका निराळी होती. जे पाणी कालपर्यंत निवळ होते ते सरकारच्या माणसाने येऊन रक्तासारखे केले, आणि हे औषध आहे असे तो म्हणतो! विषाचा संशय यायला याहून अधिक काय लागते? प्लेगच्या वर्षांत तर हा संशय देशभर पसरला. पुण्यास १८९७ मध्ये गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, ते बुटांसह देवघरांत शिरले, आणि त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँड याच्या खुनात झाला, हे आपणांस ठाऊक आहे. पंजाबात सरकारी माणसे विहिरींत विष कालवतात, अशा वावड्या उठून दंगे झाले. त्या मानाने तांबडे औषध शांतपणे पचनी पडले, याचे कारण माझ्या मते दुहेरी आहे. एक तर या उपायासाठी कोणाच्या घरात शिरावे लागत नव्हते, कोणाची बायको-मुले झडतीसाठी रस्त्यावर उभी करावी लागत नव्हती. आणि दुसरे असे की, ज्या अंमलदाराला अक्कल होती तो पुडी स्वतः न टाकता गावच्या पाटलाच्या हाती देई. दोर गावचा, बादली गावची आणि हातही गावचा. ओंजळभर रंगीत पाणी अंमलदाराने सर्वांदेखत पिऊन दाखविले की निम्मे काम होत असे. जेथे तेवढे शहाणपण नव्हते, तेथे रात्री औषध पडे आणि सकाळी बायका दुसऱ्या, बहुधा अधिक घाणेरड्या, पाणवठ्याकडे वळत.

शहरांतील खासगी आडांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होती. मुंबईस विहारचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये आले, तरी घरोघरच्या विहिरी काही बुजल्या नाहीत. नळाचे पाणी प्यायला चालेल, पण धर्मकृत्याला चालेल काय, हा प्रश्न हिंदूंप्रमाणेच पारशी समाजापुढेही होता. चर्चगेटजवळची भिखा बेहराम यांची १७२५ मधील विहीर आजही त्या समाजाला पवित्र आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी असे आढळले की, हिवतापाचा प्रसार करणारा डास या विहिरींतच अंडी घालतो, आणि १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी आपल्या अहवालात त्याचा पुरा हिशेब मांडला. मग म्युनिसिपालिटीने विहिरी बुजविण्याच्या नोटिसा काढल्या, मालकांनी तक्रारअर्ज केले, आणि बराच काळ हुज्जत चालून पुष्कळ ठिकाणी झाकणे आणि जाळ्या बसवून तडजोड झाली. या वादात एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. दोन्ही पक्ष पाण्याच्या शुद्धीसाठीच भांडत होते.

शुद्धी या शब्दाखाली किती परस्परविरुद्ध वस्तू नांदू शकतात, याचे सर्वांत प्रखर उदाहरण मात्र मुंबईने नव्हे, महाडाने दिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे, हा रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला, आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर खुले झालेल्या या तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून सहस्रावधी माणसे प्यायली. त्यानंतर गावातील सनातनी मंडळींनी तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी केली. शुद्धीचे साधन काय? दूध, दही, गोमूत्र आणि गाईचे शेण मिसळलेल्या १०८ घागरी, मंत्रघोषासह पाण्यात रित्या केल्या. जंतुशास्त्राच्या दृष्टीने पाहावे तर माणसांनी ओंजळीने पाणी पिण्यात तळ्याचे काडीचेही नुकसान झाले नव्हते. नुकसान झाले ते शुद्धीने. त्याच इलाख्यात, त्याच दशकात, एक सरकारी खाते पिण्याच्या पाण्यात शेणाचा अंशही जाऊ नये म्हणून विहिरींना कठडे बांधा असे सांगत फिरत होते. मुंबईच्या उच्च न्यायालयाने या तळ्यावरील अस्पृश्यांचा हक्क कायम केला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांनी. त्याच्या किती तरी आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद कोणत्याही न्यायालयाची वाट न पाहता सर्वांस मोकळा केला होता. परमँगनेटच्या खड्याला पाणी कोण भरते हे कळत नाही, आणि त्याचे हे अज्ञान अनेक ज्ञात्यांच्या ज्ञानापेक्षा मला अधिक आदरणीय वाटते.

दरम्यान औषधाचेही दिवस फिरत चालले होते. परमँगनेट पटकीच्या जंतूला मारते हे खरे. परंतु विषमज्वराचा जंतू, अतिसाराचे जंतू आणि पोटातील इतर उपद्रवी प्राणी यांच्यावर त्याची मात्रा फारशी चालत नाही, हे प्रयोगशाळांतून जसजसे स्पष्ट होत गेले तसतशी आरोग्यशास्त्राच्या ग्रंथांतील त्याची स्तुती आटत गेली, आणि शेवटी ते असमाधानकारक अशा सदरात जाऊन पडले. त्याची जागा ज्याने घेतली ते क्लोरीनयुक्त चुन्याचे चूर्णही नवे नव्हते. ग्लासगोच्या टेनंटने १७९९ मध्ये कापड पांढरे करण्यासाठी त्याचे पेटंट घेतले होते. क्लोरीन वायू वापरून पिण्याचे पाणी शुद्ध करावे, ही कल्पना ज्यांनी प्रथम नीट मांडली त्यांत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील व्हिन्सेंट नेसफील्ड हा लष्करी डॉक्टर होता, आणि साल १९०३ होते. पुढे १९०५ मध्ये इंग्लंडातील लिंकन आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे शहराच्या शहराला क्लोरीनचे पाणी मिळू लागले.

पहिल्या महायुद्धात विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश सेनेतील डॉक्टरने या चूर्णाचे प्रमाण ठरविण्याची जी पेटी तयार केली ती हँकिनच्या युक्तीची धाकटी बहीण शोभावी अशी आहे. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी घ्यावे, चूर्णाचा द्रव पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असा चढत्या क्रमाने टाकावा, अर्धा तास थांबावे, आणि मग प्रत्येकात आयोडाइड-खळीच्या द्रवाचे तीन थेंब सोडावे. ज्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग दिसेल त्याचा क्रमांक पाहावा. तिसरा असेल तर पेटीतील चमच्याने तीन सपाट चमचे, म्हणजे ६ ग्रॅम चूर्ण, ४५५ लिटर पाण्यास पुरे. पुन्हा रंगच. फरक एवढा की, हा रंग पेल्यात दिसतो, विहिरीत नाही. आणि त्यामुळे तो पाहण्याचा अधिकार पाटलाकडून निघून पेटीवाल्याकडे गेला.

मध्यंतरी एक विलक्षण प्रयोग होऊन गेला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. हँकिनला गंगेच्या पाण्यात जंतुनाशक असे काही दिसले होते, ते नेमके काय हे त्याला उमगले नाही. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'हेरेल याने जंतूंना खाऊन टाकणारे, गाळणीतूनही पार होणारे एक अतिसूक्ष्म तत्त्व शोधून त्याला बॅक्टेरियोफाज असे नाव दिले. हा द'हेरेल १९२७ मध्ये हिंदुस्थानात आला आणि पंजाबातील साथीच्या खेड्यांत त्याने पटकीचे फाज विहिरींच्या पाण्यात सोडून पाहिले. हँकिनला नदीत जे भेटले ते फाजच होते की काय, यावर पंडितांचे एकमत नाही. पण नदीचा गुण विहिरीत आणून ओतावा, असा तो प्रयत्न होता खरा. आसामात पुढे काही वर्षे या उपायाची चाचणी चालली आणि मग ती मागे पडली.

विहिरीत पावडर, म्हणजे तेच क्लोरीनचे चूर्ण, टाकणे हे शब्द आज खेड्यातील लहान पोरालाही कळतात, आणि टीसीएल या तीन अक्षरांचा विस्तार न विचारता ग्रामपंचायतीचा शिपाई त्या नावाची पिशवी खांद्यावर टाकतो. त्याने करावयाचे गणित शाळेतले आहे: व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, उत्तर घनमीटरांत. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते, आणि दर १,००० लिटरांस अडीच ग्रॅम या मानाने ७० ग्रॅम चांगली पावडर लागते. पावडर बादलीत थोड्या पाण्याने लापशीसारखी कालवावी, मग पाऊण बादली पाणी घालून पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यावी आणि तळचा चुना फेकून द्यावा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होते आणि डाळ शिजत नाही, ही बायकांची तक्रार अगदी वाजवी आहे. निवळ विहिरीत सोडून पाणी ढवळले की किमान एक तास कोणी पाणी भरू नये. पिशवी उघडी राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो तो निव्वळ चुना. तो कितीही टाकला तरी जंतूला त्याची पर्वा नाही, आणि नोंदवहीत मात्र विहीर शुद्ध केल्याची सही पडते.

घरच्या लहान विहिरीची अडचण आणखी निराळी होती. एकदा टाकलेले औषध फार दिवस पुरत नाही, आणि घरधन्याने रोज संध्याकाळी गणित करावे अशी अपेक्षा धरणे व्यर्थ. पावडर भरलेले मडके विहिरीत टांगून ठेवण्याची युक्ती होती, परंतु थोड्या पाण्यात एकच मडके टांगले तर क्लोरीन इतका सुटतो की पाणी तोंडात धरवत नाही. यावर तोड काढली ती नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने. ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली आणि पुढे नीरी या नावाने प्रसिद्ध पावली. त्यांनी मडक्यात मडके घातले. आतल्या मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर कालवून भरावी, त्याच्या वरच्या अंगास काठाजवळ एक सेंटीमीटरचे छिद्र असावे. बाहेरच्या मडक्याला तसेच छिद्र बुडापासून चार सेंटीमीटरांवर. तोंडाला प्लास्टिकचा कागद बांधून ही जोडी पाण्याखाली एक मीटर सोडावी, म्हणजे पाणी काढणाऱ्या बादल्यांचा धक्का लागून ती फुटत नाही. ४,५०० लिटर पाणी आणि दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या कुटुंबाच्या विहिरीस अशी एक जोडी दोन ते तीन आठवडे पुरते. या औषधाला रंग नाही, तेव्हा घरच्या माणसांनी तांब्याभर पाणी नाकाशी धरून पाहावे. वास येईनासा झाला की मडके वर ओढून जुनी वाळू टाकून द्यावी आणि ते नव्याने भरावे.